हुन्नराच्या शिक्षणाचा पैसा आणि त्याची राखण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाच्या पूर्वेतिहासावर मीं बोलावें, अशी चालकमंडळाची पहिली इच्छा होती. तो विषय आपल्यांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं माझ्यापेक्षां अधिक अधिकारानें हाताळला आहे. मजकडे उरला तो विषय रुक्ष आहे, पैशाचा आहे. महोत्सवासाठीं जमलेल्या देणग्यांतून खर्च वजा जातां जी रक्कम उरेल तिचा एक शिक्षणनिधि करावा, आणि त्यांतून आपल्या मुलामुलींस कारखान्यांत उपयोगी पडणारा हुन्नर शिकण्यास साहाय्य करावें, असें सर्वानुमतें ठरलें आहे. ठराव करणें सोपें होतें. हा पैसा मुलाच्या विद्येपर्यंत सुखरूप पोंचावा कसा, याविषयीं मात्र ठरावांत एक अक्षर नाहीं; आणि तेंच मला आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

योबेल वर्षाचें वर्णन लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. शिंग फुंकणें, दास मुक्त करणें, गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येणें, एवढें आपणां सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्याच अध्यायांत एक हिशेबी आज्ञा आहे, तिजकडे आम्हां प्रवचनकारांचें लक्ष क्वचितच जातें. तिचा आशय असा कीं, जमिनीच्या व्यवहारांत भावानें भावास फसवूं नये. योबेलपर्यंत पिकांचीं जितकीं वर्षें उरलीं असतील तितक्यांचेंच मोल घ्यावें. वर्षें पुष्कळ असलीं तर मोल अधिक, थोडीं असलीं तर कमी. कारण खरोखर विकलीं जातात तीं पिकें होत. शाळेच्या फीचें याहून चांगलें शास्त्र मला दुसरीकडे आढळलें नाहीं. बाप जेव्हां वर्षाची फी आरंभींच भरतो, तेव्हां तो न उगवलेल्या पिकाचें मोल देत असतो. जो धडा अद्याप शिकविला गेला नाहीं, त्याचा पैसा संस्थेच्या पेटींत असला तरी तो संस्थेचा झालेला नाहीं. तोंवर ती त्या मुलाची ठेव आहे. ही एक गोष्ट ध्यानांत धरली म्हणजे पुढचें बरेंचसें ओघानेंच येतें.

आपला प्रदेश कसा घडला हें येथें नव्यानें सांगावयास नको. 1954 सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढें साठच्या दशकांत औद्योगिक विकास महामंडळानें माळरानें आंखलीं, टेल्को आली, आकुर्डीस बजाजचा कारखाना निघाला. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चाकणच्या कांद्याच्या बाजारापलीकडे बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन यांच्या लांबच लांब भिंती उभ्या राहिल्या. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरच्या, खेड्यांतून, वसईहून, गोव्याहून, केरळ-तामिळनाडूंतून आपले वाडवडील आले ते याच भिंतींच्या आश्रयास. त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं हुन्नर कारखान्यांतच उचलला; वस्ताद सांगे तसें करतां करतां हात बसला. आज तो मार्ग बहुतेक बंद झाला आहे. फाटकावरचा पहारेकरीसुद्धां आधीं विचारतो, आय. टी. आय. झालें आहे काय?

कारागीर प्रशिक्षणाची ही योजना भारत सरकारनें 1950 मध्यें काढली. औंधची सरकारी संस्था व मोरवाडीची महानगरपालिकेची संस्था आपल्या मुलांस ठाऊक आहेत. अशा संस्थांतील शुल्क गरिबास झेपेल असें असतें, आणि प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत गुणानुक्रमें मिळतो. माझी पहिली विनंति अशी कीं, हें दार आधीं ठोठवावें. आपल्याकडे पुष्कळ घरीं अर्जाची मुदत आईबापांस कळतच नाहीं. ती टळून गेल्यावर मुलगा एखाद्या दुकानाच्या माडीवरील वर्गाची पाटी वाचून घरीं येतो, आणि मग घाईघाईनें पैसे उभे केले जातात. घाईचा पैसा बहुधा बुडतो.

अशाच एका वर्गाची हकीकत सांगतों. नांवें घेत नाहीं. त्या कुटुंबाची अब्रू मला राखावयाची आहे. चार घरची धुणींभांडीं करणारी एक माता. मुलाला सी. एन. सी. यंत्रावर काम शिकावयाचें होतें. अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, फी पंचेचाळीस हजार. एकरकमी भरल्यास पांच हजारांची सूट. तिनें भिशी उचलली, कानांतलें गहाण ठेविलें आणि चाळीस हजार एकदम मोजले. पावती म्हणून मिळाला तो एक कोरा कागद, त्यावर रक्कम आणि एक गिचमीड सही. मुलाची दहावीची मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला ‘नोंदणीसाठीं’ ठेवून घेतला गेला. सातव्या आठवड्यांत मुलगा गेला तों दारास कुलूप. यंत्रें भाड्याचीं होतीं, तीं मालकानें आधींच नेलीं होतीं. पोलिसांकडे आणि घरमालकाकडे खेपा घालतां घालतां चार महिन्यांनीं कागद हातीं आले. पैसा आला नाहीं. सात आठवड्यांचें पीक आणि सव्वीस आठवड्यांचें मोल! ती माउली मजकडे आली तेव्हां तिनें वर्गचालकास शिव्याशाप दिले नाहींत. तिनें एवढेंच विचारलें, “फादर, मी ती सूट घ्यायला नको होती का?”

मला त्या प्रश्नाचें फार वाईट वाटलें. फसविणारा मोकळा हिंडतो आणि फसलेली बाई आपल्याच पदराकडे पाहते. पोप तेरावे लिओ यांनीं 1891 च्या आपल्या परिपत्रकांत मजुराची मजुरी बुडविणें हें महापातक मानलें आहे, आणि त्यासाठीं संत याकोबाच्या पत्राचा आधार दिला आहे. मजुराच्या मुलाची फी बुडविणें मी त्याच पंक्तींत बसवितों. कारण तशा घरांतील फी म्हणजे वर्षानुवर्षें साठविलेली मजुरीच असते.

अशा वेळीं जाणते लोक सुचवितात कीं, ग्राहक न्यायालयांत जावें. तो रस्ता वाटतो तितका सरळ नाहीं. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगानें 2020 च्या जानेवारींत असा निर्णय दिला कीं, शिक्षण देणाऱ्या संस्था, आणि त्यांत व्यवसायशिक्षण देणाऱ्याही आल्या, ग्राहक कायद्याच्या कक्षेंत येत नाहींत. खाजगी शिकवणीवर्ग मात्र येतात. हा वाद पुढें सर्वोच्च न्यायालयांत गेला. म्हणजे आपला माडीवरचा वर्ग ‘संस्था’ कीं ‘शिकवणी’, याचाच खल आधीं व्हावयाचा आणि तोंवर मुलगा लग्नाच्या वयाचा व्हावयाचा.

कांहीं देशांनीं हें कोडें निराळ्या रीतीनें सोडविलें आहे. ऑस्ट्रेलियांत 2009 च्या सुमारास परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारीं अनेक खाजगी विद्यालयें कोसळलीं. स्वयंपाक, केशकर्तन यांसारखे धंदे शिकण्यास गेलेलीं आपल्या देशाचीं मुलेंही त्यांत सांपडलीं. तेव्हां तेथील सरकारनें 2012 मध्यें शुल्कसंरक्षणाची व्यवस्था उभी केली. संस्थांनीं तींत वर्गणी भरावयाची. एखादी संस्था बुडाली तर विद्यार्थ्यास दुसऱ्या संस्थेंत जागा मिळवून द्यावयाची, आणि तें न जमल्यास जेवढें शिकविलें गेलें नाहीं तेवढ्याचें शुल्क परत करावयाचें. लेवीय पुस्तकाचाच हिशेब! कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतही खाजगी व्यवसायशाळांच्या विद्यार्थ्यांसाठीं असा निधि आहे. आपल्याकडील माडीवरच्या वर्गांच्या पाठीशीं असा निधि उभा नाहीं. म्हणून जी राखण तेथें सरकार करितें, ती येथें आईबापांनीं आणि धर्मग्रामानें केली पाहिजे.

ती कशी करावी याचा एक जुना कित्ता आपल्या घरांतच आहे. संत जॉन बॉस्को यांनीं तुरीन शहरांतील निराधार मुलांस धंदा शिकविण्याचें कार्य आरंभिलें, तेव्हां तेथेंही वस्ताद लोक मुलांस राबवून घेत आणि विद्या देत नसत. 8 फेब्रुवारी 1852 रोजीं त्यांनीं घडवून आणलेला एक करार आजही जपून ठेविलेला आहे. एका बाजूस जुझेप्पे बेर्तोलिनो नांवाचा सुतार, दुसऱ्या बाजूस जुझेप्पे ओदास्सो हा मोंदोवीकडचा पोर. करार मुद्रांकाच्या कागदावर आहे. सुतारानें दोन वर्षांत आपली विद्या मुलास द्यावी. चूक झाल्यास शब्दानें सुधारावी, हात टाकूं नये. धंद्याशीं संबंध नाहीं अशीं कामें सांगूं नयेत. सणाचे दिवस मोकळे सोडावे. आणि मजुरी? पहिले सहा महिने रोज 30 सेंतेसिमी, पुढील सहा महिने 40, दुसऱ्या वर्षीं 60. मुलाचा बाप जामीन राहिला, आणि बॉस्को स्वतः त्या व्यवहारांत जबाबदार म्हणून उभे राहिले.

संत झालेल्या त्या पुरुषानें तोंडी शब्दावर भागविलें नाहीं, हें ज्यांना पावती मागतांना संकोच वाटतो त्यांनीं लक्षांत घ्यावें. ‘सरांना काय वाटेल’ या भीतीनें आपली माणसें कागद मागत नाहींत. सरांना कांहीं वाटत नाहीं. आणि वाटत असेल तर त्या वर्गांत मुलास न घातलेलेंच बरें. पावतीवर संस्थेचें नांव, अनुक्रमांक, तारीख, अभ्यासक्रम आणि कोणत्या मुदतीची फी हें सर्व असावें. पैसा रोख न देतां संस्थेच्या नांवच्या बँकखात्यांतच भरावा. एखाद्या व्यक्तीच्या मोबाइलवर पाठवूं नये. मूळ दाखले पडताळणीस दाखवावे आणि त्याच पावलीं परत आणावे. प्रती ठेवून द्याव्या. कोणत्या व्यवसायास व कोणत्या तुकडीस मान्यता आहे, हें पाटीवर न वाचतां सरकारी यादींत पाहावें. संस्थेच्या एका व्यवसायास मान्यता असते आणि दुसऱ्याचा प्रवेश तिच्याच आडोशानें चाललेला असतो, असाही प्रकार घडूं शकतो. ज्यांना ती यादी संगणकावर काढतां येत नाहीं त्यांना आपलीं युवकमंडळाचीं मुलें पांच मिनिटांत काढून देतील.

बॉस्कोंच्या कागदांतील दुसरी गोष्ट पैशाच्या दिशेची. तेथें पैसा वस्तादाकडून मुलाकडे जातो. आपल्या देशांतही शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 पासून आहे. त्याखालीं कारखान्यानें उमेदवाराशीं करार करून विद्यावेतन द्यावयाचें असतें. 2019 मध्यें सुधारलेल्या नियमांनीं त्याची किमान पायरी शिक्षणाप्रमाणें दरमहा 5,000 ते 9,000 रुपये अशी बांधली. तेव्हां चाकणच्या अमुक कारखान्यांत ‘अप्रेंटिस’ लावून देतों, नोंदणीचे आणि गणवेशाचे म्हणून इतके हजार आधीं द्या, असें कोणी म्हणाला तर तो मनुष्य नदी उलटी वाहवूं पाहत आहे, हें ओळखावें. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या तीन मुलांनीं असे पैसे दिल्याचें मला ठाऊक आहे. तिघांनाही कारखान्याचें फाटक आंतून दिसलें नाहीं.

कर्जाविषयीं थोडें सांगतों. कौशल्यशिक्षणासाठीं बँकांकडून कर्ज मिळण्याची सरकारी योजना 2015 पासून आहे. तिचा उपयोग अवश्य करावा. पण हल्लीं कांहीं वर्ग प्रवेशाच्या टेबलावरच एखाद्या कर्ज देणाऱ्या कंपनीचा अर्ज पुढें सरकवितात. ‘आज कांहींच भरावयाचें नाहीं, महिन्याला थोडे थोडे’, हे शब्द गोड लागतात. त्यांतील मख्खी अशी कीं, कंपनी सगळी फी त्याच दिवशीं वर्गास देऊन टाकते आणि आपण ऋणी राहतों ते कंपनीचे. वर्ग बंद पडला म्हणून कर्जाचा हप्ता बंद पडत नाहीं. खरा हप्ता तो, कीं जो संस्थेस शिकवीत राहण्यास भाग पाडतो; हा तसा हप्ता नव्हे.

शिष्यवृत्तीचें खातें मुलाच्या स्वतःच्या नांवें असावें. त्याचें कार्ड, पुस्तक किंवा मोबाइलवर येणारा गुप्त अंक संस्थेच्या कारकुनास देऊं नये. गडचिरोलीकडे शिष्यवृत्तींच्या नांवाखालीं जे प्रकार उघडकीस आले, त्यांच्या चौकशीसाठीं राज्य सरकारास 2016 मध्यें विशेष तपास पथक नेमावें लागलें होतें.

आतां घरच्या साठवणीकडे येतों, कारण फी भरण्यापूर्वींच ती गमावणारीं घरेंही आपल्यांत आहेत. पिंपरीच्याच सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर 2022 मध्यें रद्द केला, हें आपण सर्वांनीं पाहिलें. त्या वेळीं लहान ठेवीदार बचावले ते ठेवविम्यामुळें. प्रत्येक ठेवीदारास एका बँकेमागें पांच लाख रुपयांपर्यंत हें संरक्षण आहे. फेब्रुवारी 2020 पूर्वीं तें एक लाखच होतें. परंतु नीट ऐका: हें छत्र बँकेतील ठेवीवर आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं, मग तिच्या पाटीवर कोणत्याही संताचें वा देवाचें नांव असो. जळगांवच्या रायसोनी पतसंस्थेचे ठेवीदार राज्यभर कसे वणवण फिरले, हें वृत्तपत्रांत येऊन गेलें आहे. टक्का दोन टक्के जास्त व्याजासाठीं मुलाच्या जूनमधील फीचा पैसा अशा ठिकाणीं ठेवणें मला तरी रुचत नाहीं. भिशीस मी सरसकट नांवें ठेवीत नाहीं. अडीनडीला तिनेंच पुष्कळांची लाज राखली आहे. पण भिशीच्या पाळीची तारीख आणि फीची तारीख यांची गांठ पडेलच असें नाहीं.

शेवटीं आपला निधि. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या 1267 व्या कलमांत असें सांगितलें आहे कीं, श्रद्धावंतांनीं विशिष्ट कार्यासाठीं दिलेलें दान त्याच कार्यास लावावें. म्हणून या निधींतून छप्पर शाकारतां येणार नाहीं, घंटा घेतां येणार नाहीं आणि ‘तात्पुरते’ म्हणून सणाच्या मंडपासाठींही पैसे काढतां येणार नाहींत. (हें मी माझ्यानंतर येणाऱ्या धर्मगुरूंसाठींही बोलत आहें, येथें कोणीही कायमचा नसतो.) 537 वें कलम प्रत्येक धर्मग्रामांत अर्थसमिति असावी असें सांगतें, आणि 1287 वें, दान देणाऱ्यांस हिशेब द्यावा असें. त्याशिवाय 1950 चा सार्वजनिक न्यासांचा राज्याचा कायदा आहेच.

कोणी म्हणेल, आपण सारे एका वेदीभोंवतीं जमणारे, मग इतका कागदोपत्री अविश्वास कशाला? त्यांना मी करिंथकरांस लिहिलेलें दुसरें पत्र, अध्याय आठवा, वाचावयास सांगतों. यरुशलेमच्या गरिबांसाठीं वर्गणी गोळा झाली तेव्हां संत पौलानें ती एकट्याच्या हातीं ठेवूं दिली नाहीं. तीताबरोबर आणखी भाऊ पाठविले, तेही मंडळ्यांनीं निवडलेले, अशासाठीं कीं त्या पैशाबाबत कोणास बोट दाखवावयास जागा राहूं नये. उलट ज्या बारा जणांत हिशेब विचारण्याची पद्धत नव्हती, त्यांच्यांत पैशाची पिशवी एकाच्याच हातीं होती, आणि तो कोण होता हें योहानाच्या शुभवर्तमानांत आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. निधीचें खातें राष्ट्रीयीकृत बँकेत असावें आणि तिघांपैकीं कोणत्याही दोघांच्या सह्यांनीं चालावें. त्यांपैकीं एक तरी स्त्री असावी, कारण फसवणुकीचा भार बहुधा आईवरच येतो. रोकड माझ्याकडे, कार्यालयांत किंवा मिस्सेनंतर पोर्चमध्यें कोणीही देऊं नये. मुलाच्या हातीं पैसा न देतां तो थेट संस्थेच्या खात्यांत जावा, तोही हप्त्यानें: प्रवेशाच्या वेळीं तिसरा हिस्सा, पुढचा हजेरीचा कागद पाहून, शेवटचा परीक्षेच्या आधीं. जी संस्था हप्ता मानीत नाहीं, तिच्यासाठीं निधि नाहीं. संस्थांना हें पटणार नाहीं, असें आपल्यांतील कांहीं उद्योजक मला सांगतात. कांहींना पटणार नाहीं, हें खरें. परंतु चार धर्मग्रामांनीं मिळून असाच आग्रह धरला तर पटेल, आणि त्या दृष्टीनें मी शेजारच्या धर्मगुरूंशीं बोललों आहें.

साहाय्य दान म्हणून द्यावें कीं बिनव्याजी उसनें, यावर समितींत बराच वाद झाला. उसनें दिलें तर निधि फिरता राहील, असें एका पक्षाचें म्हणणें. गरिबावर पहिल्या पगाराआधींच ओझें नको, असें दुसऱ्याचें. माझें मत असें कीं, अर्धें दान असावें आणि अर्धें नोकरी लागल्यावर शक्तीप्रमाणें परत यावें, तेंही लेखी तगादा न लावतां. ज्याला हात मिळाला तो दुसऱ्यास हात देईल, एवढा भरंवसा मी आपल्या मुलांवर ठेवूं शकतों. मुलींच्या अर्जांस मुलांइतकाच मान मिळावा; विजेचें काम, मापनयंत्रांचें काम, गुणवत्ता-तपासणी यांत आज मुली आहेत, आणि घरच्यांच्या ‘तिला कशाला’ या दोन शब्दांखेरीज दुसरी अडचण मला दिसत नाहीं. निधींतून शेजारच्या ख्रिस्तेतर घरांतील मुलास द्यावें काय, असें विचारलें गेलें. द्यावें. आपल्या घंटेचा आवाज त्यांच्याही घरांत जातो, आणि महोत्सवाची वर्गणी त्यांच्यापैकीं कांहींनीं दिली आहे.

वर्षाचा हिशेब 1 मे रोजीं, कामगार संत योसेफाच्या सणाच्या मिस्सेनंतर, मोठ्यानें वाचला जाईल. कोणास कितीही लहान शंका असली तरी तेथेंच उभें राहून विचारावी.

अर्ज पुढील रविवारीं दोन्ही मिस्सांनंतर सभागृहांत मिळतील. अर्जासोबत संस्थेच्या मान्यतेची प्रत आणि फीच्या हप्त्यांचें वेळापत्रक जोडावें. मूळ गुणपत्रिका कोणी आणूं नये. ती आम्हीही ठेवून घेणार नाहीं.